नेरूळचे रस्ते आणि पायी चालणारे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : हल्ली लोकांना चालायचाच कंटाळा.

वस्तुस्थिती : नवी मुंबईतल्या नेरूळच्या सेक्टरांत संध्याकाळी बघा, माणसं भरपूर चालतात. शाळा, बाजार, मैदान पायी अंतरावर असावं, अशीच शहर वसवणाऱ्या सिडकोची आखणी होती. पाय अडतात ते कडेला. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला पामबीच रस्ता, मधून रेल्वे. शिरवणे गाव महामार्गाच्या अलीकडे, एमआयडीसी पलीकडे. समोर दिसणाऱ्या कारखान्यात जायलाही वळसा पडतो, म्हणून रिक्षा करावी लागते. सारसोळ्याचं तर फारच वाईट वाटतं. गावठाण पामबीचच्या अलीकडे, जेट्टी पलीकडे. खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कोळ्यांना आज होडीपर्यंत पोचायला भरधाव गाड्यांचा रस्ता पार करावा लागतो.

गैरसमज : पादचारी पूल बांधला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : पुलाखालून ट्रक जायचा तर साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. म्हणजे जवळपास 40 पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. गुडघेदुखीची आजी, कडेवर मूल असलेली बाई, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण यांना हे कसं जमावं? भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचतं आणि दिवे नसले तर अंधार पडल्यावर बायका तिकडे फिरकत नाहीत. गाडी सरळ जाते, चढउतार चालणाऱ्याच्या वाट्याला, हा न्याय उलटा आहे.

गैरसमज : लोक कुठूनही धावतात, म्हणून मरतात.

वस्तुस्थिती : दहा पदरी रस्ता म्हणजे किमान 35 मीटर. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेवढं अंतर कापायला सुमारे 44 सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात 700 मीटरच्या पुढे गेलेली असते. दिसली नव्हती ती गाडी अंगावर येते. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. सगळेच बेशिस्त होते असं म्हणणं क्रूरपणाचं आहे.

गैरसमज : गाड्यांचा वेग कमी केला तर शहर ठप्प होईल.

वस्तुस्थिती : दक्षिण कोरियातल्या सोलने 2003 साली शहराच्या मधोमध असलेला उन्नत महामार्गच पाडायला घेतला, 2005 पर्यंत तिथे ओढा मोकळा केला. शहर चालूच राहिलं.

सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केलं. नेरूळकरांनी पुढचा पूल मागण्याआधी जमिनीवरूनच ओलांडता येईल असा सिग्नल मागावा आणि त्याची वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीनेच ठरवून घ्यावी.