चिठ्ठीतील नाव आणि औषधाचे मोल

विरारहून डहाणूच्या गाडीने तासाभरात बोईसर येते, आणि बोईसरला लागून असलेल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लुपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या कंपन्यांच्या कारखान्यांतून औषधांची मूळ द्रव्ये तयार होऊन देशोदेशी रवाना होतात. ज्या जिल्ह्यात ही द्रव्ये सिद्ध होतात त्याच जिल्ह्यातील वसईचा निवृत्त गिरणी कामगार, आगाशीचा वाडीवाला, अर्नाळ्याची मासळी विकणारी बाई आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतील नोकरदार कुटुंब हे सारे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेडिकलच्या फळीवर बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांसाठी जी रक्कम मोजतात, तिच्यातील फार मोठा अंश द्रव्याचा नसून त्या द्रव्याला दिलेल्या नावाचा असतो, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगितलेली नसते.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलवरील ॲटोर्व्हास्टॅटिन ही नित्याची औषधे आज कोणाच्याही एकाधिकारात राहिलेली नाहीत. परवाना असलेला कोणताही कारखानदार ती तयार करू शकतो, आणि अनेकदा एकच कारखाना तीच गोळी चार निरनिराळ्या कंपन्यांसाठी चार निरनिराळ्या नावांनी बांधून देतो. गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत निर्माता कोण आणि विक्री करणारी कंपनी कोण हे वेगवेगळे छापलेले असते, ते एकदा भिंग लावून वाचावे. कंपनीच्या नावाने येणाऱ्या गोळीच्या किमतीत दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रतिनिधींचा पगार, नमुन्यांची पाकिटे, परिषदांचा खर्चवेच आणि वाटेतील प्रत्येकाचा हिस्सा मिळवलेला असतो. रोग्याच्या पोटात मात्र जाते ते केवळ मूळ द्रव्य.

या प्रश्नाचा विचार आपल्या देशात नवा नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे म्हणून. १९७० च्या पेटंट कायद्याने त्या काळी औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून ती केवळ निर्मितीच्या पद्धतीपुरती ठेवली आणि त्यातूनच स्वस्त औषधांचा देशी उद्योग बहरला. आणि जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून मूळ नावांचा वापर रूढ करावा, अशी स्पष्ट शिफारस केली. ती शिफारस अमलात आली असती तर आज हा लेख लिहिण्याची गरज उरली नसती, असे मला मनापासून वाटते.

त्याऐवजी भर राहिला तो किमतीवरील नियंत्रणावर. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना त्या औषधाच्या बाजारातील ज्या नावांचा खप एक टक्का किंवा अधिक आहे त्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत सोळा टक्के विक्रेत्याचे अधिमूल्य मिळवतात. १९९५ च्या आदेशात उत्पादनाचा खर्च हा पाया होता. आता बाजारभाव हाच पाया झाल्यामुळे सर्वांत महाग नावांना चाप बसतो हे खरे, परंतु किंमत खर्चाच्या जवळपासही येत नाही. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनीला दरसाल दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. यादीतील औषधे घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतात, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ही वाढ बारा टक्क्यांहून अधिक झाली होती. म्हणून सरकारने भाव बांधून दिला आहे एवढ्यावर स्वस्थ बसणाऱ्याची किफायत होत नाही.

आता या विषयातील कळीच्या मुद्द्याकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी असते की, स्वस्त औषध मागायचे ते मेडिकलवाल्याकडे. परंतु १९४५ च्या औषध नियमावलीतील पासष्टाव्या नियमाचा एक पोटनियम असे फर्मावतो की, परिशिष्ट एच, एच-१ किंवा एक्स यांतील औषध चिठ्ठीवर लिहिलेले असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध, मग त्यात तेच द्रव्य का असेना, विक्रेत्याने देऊ नये. आणि बीपी, मधुमेह, हृदयविकार यांवरील बहुतेक गोळ्या याच परिशिष्टांत मोडतात. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर व्यापारी नाव लिहिले की विक्रेत्याचे हात बांधले गेले. पैसे वाचवण्याची जागा म्हणजे दुकानाची फळी नव्हे, तर दवाखान्यातील ती खुर्ची, जिच्यावर बसून आपण चिठ्ठी लिहिली जात असताना पाहत असतो. त्या वेळी, “डॉक्टरसाहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?” एवढेच नम्रपणे विचारावे. यात डॉक्टरांचा अवमान नाही; भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो ठळक मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितलेलेच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तसे न करणाऱ्यास शिक्षेची तरतूद असलेले नियम काढले आणि त्याच महिन्यात ते तहकूब ठेवले. कायद्याने होणारी गोष्ट लांबणीवर पडली असली तरी रोग्याने विचारण्यास कोणाची बंदी नाही, आणि आपल्या भागातील बरेच जुने फॅमिली डॉक्टर असे विचारल्यास आनंदाने लिहून देतात.

मूळ नावाची चिठ्ठी हाती आली की जन औषधी केंद्राचा उपयोग होतो. २००८ साली सुरू झालेल्या आणि पुढे प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना हे नाव मिळालेल्या या योजनेची केंद्रे वसई, नालासोपारा आणि विरार येथे आहेत. ‘जन औषधी सुगम’ या ॲपवर जवळचे केंद्र आणि प्रत्येक औषधाची किंमत पाहता येते. भावातील तफावत किती असते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ च्या जुलैमध्ये संपले, आणि सप्टेंबरमध्ये या केंद्रांत पन्नास मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या साठ रुपयांना मिळू लागल्या. बाजारात तेवढ्याच गोळ्यांना त्या वेळी दीडशे ते अडीचशे रुपये पडत. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपताच जी गोळी साठ रुपयांच्या आसपास होती ती अनेक कंपन्यांनी दहाच्या जवळपास आणून ठेवली. आपण घेत असलेल्या महाग औषधाचे पेटंट संपले काय, हा प्रश्न डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारण्याजोगा आहे. केंद्रांत सर्व माल सदैव असतोच असे नाही. म्हणून गोळ्या संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी जावे.

साध्या मेडिकलमध्ये जेनेरिक म्हणून जे मिळते त्याविषयी सावध असावे. काही कंपन्या प्रतिनिधी न ठेवता माल थेट विक्रेत्याला अल्प दरात देतात, परंतु पाकिटावर छापील किंमत मात्र कंपनीच्या औषधाएवढीच ठेवतात. मधला फरक ग्राहकाला न मिळता दुकानातच राहतो. अशा वेळी छापील किमतीवर सवलत मागण्यात संकोच बाळगू नये, आणि बॅच क्रमांक असलेले पक्के बिल घेतल्याखेरीज दुकान सोडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात दिसला पाहिजे.

स्वस्त म्हणजे हलके, ही शंका पुष्कळांच्या मनात असते आणि ती अनाठायी म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. औषध कोणत्याही नावाने विकले जावो, त्याला कायदा एकच लागू असतो. जन औषधीचा माल प्रयोगशाळेत तपासून घेतला जातो. आणि दर्जाहीन ठरलेल्या औषधांच्या सरकारी याद्यांत नामांकित कंपन्यांची औषधेही आढळतात. तरीसुद्धा फिट्सवरील फेनिटॉइन, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांच्या मात्रेत अल्पसा फरकही बाधतो. ही औषधे एकदा लागू पडल्यावर पैशासाठी परस्पर बदलू नयेत, बदलायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणी करून बदलावीत.

ज्यांना साठ रुपयेही जड आहेत त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत, आणि वसई तालुक्याच्या ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बीपी-मधुमेहाच्या मूलभूत गोळ्या मिळतात. शहरात महापालिकेची वसईगावातील सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय ही दोन ठिकाणे आहेत. क्षयाची औषधे तर राष्ट्रीय कार्यक्रमातून सर्वत्र विनामूल्य दिली जातात. अडचण आहे ती वेळेची. पहाटेच्या लोकलने चर्चगेटकडे जाऊन रात्री परतणाऱ्या माणसाला सकाळची बाह्यरुग्ण सेवा गाठणे अशक्य असते, आणि घरातील सासू-सासऱ्यांना रांगेत उभे राहवत नाही. दीर्घ आजाराच्या रोग्यांसाठी महापालिकेने आठवड्यातून एखाद-दुसरी सायंकाळ आणि रविवारची सकाळ राखून ठेवावी, आणि एका खेपेस महिन्याची औषधे द्यावीत, ही मागणी नगरसेवकांकडे नेण्यासारखी आहे.

बचतीचा एक मार्ग असा आहे की, त्यात काही विकत घ्यावे लागत नाही. इस्पितळातून सुटताना डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली पित्ताची गोळी, जीवनसत्त्वे, झोपेचे औषध ही थोड्या दिवसांसाठी असतात, पण कोणी थांबवा म्हणत नाही म्हणून वर्षानुवर्षे चालू राहतात. दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी तेच द्रव्य घेणारे ज्येष्ठ नागरिकही मी पाहिले आहेत. बीपीची, रक्त पातळ ठेवणारी अथवा हृदयाची गोळी मनाने कदापि बंद करू नये. परंतु वर्षातून एकदा घरातली सारी पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडावीत, आणि कोणती गोळी कशासाठी व किती दिवस, हे त्याच भेटीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे.