पक्षाघाताचा मागोवा : डॉ. मिलर फिशर

पक्षाघात म्हणजे दैवाचा घाला, त्यापुढे वैद्याचे काही चालत नाही, ही समजूत केवळ आपल्या आजी-आजोबांची नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकाची दृष्टीही याहून फारशी निराळी नव्हती. ती पालटणाऱ्यांत डॉ. चार्ल्स मिलर फिशर यांचे स्थान फार वरचे आहे.

फिशर यांचा जन्म १९१३ साली कॅनडातील वॉटर्लू येथे झाला. टोरांटो विद्यापीठातून १९३८ साली ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात आरमारी डॉक्टर असताना १९४१ साली त्यांचे जहाज बुडाले आणि सुमारे साडेतीन वर्षे त्यांना जर्मनांच्या कैदेत काढावी लागली. मेंदूविकारांच्या अभ्यासाला त्यांनी हात घातला तो तिशी उलटल्यावर.

माँट्रियल येथे अर्धे अंग लुळे पडलेला एक रोगी त्यांना भेटला. बोलता बोलता त्याने सांगितले, की झटक्यापूर्वी आपल्या एका डोळ्याची दृष्टी काही वेळ जात असे. पण तो डोळा लुळ्या अंगाच्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा! दुसऱ्या कोणी ही रोग्याची गफलत म्हणून सोडून दिली असती. फिशर यांनी तिचा पाठपुरावा केला. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. उजव्या डोळ्याला मात्र रक्त मिळते ते मेंदूच्या त्याच उजव्या भागाकडे जाणाऱ्या रोहिणीतून. मानेतील ही एक रोहिणी तुंबली, की उजवा डोळा आणि डावे अंग दोन्ही धोक्यात येतात. झटका मेंदूला बसला तरी त्याचे मूळ मानेत असू शकते. त्या काळी शवविच्छेदनात मेंदू तपासत, मानेतील रोहिण्या सहसा कोणी उघडून पाहत नसे. फिशर यांनी त्या पाहिल्या आणि १९५१ साली निबंध प्रसिद्ध केला. तुंबलेला भाग टाळून रक्त पुढे नेणारी शस्त्रक्रिया पुढेमागे शक्य होईल, हे भाकीतही त्यात होते. १९५४ साली लंडनच्या शल्यचिकित्सकांनी रोहिणीचा रोगट भाग काढून टोके जोडल्याचे जाहीर केले.

क्षणभर दृष्टी जाणे, जीभ अडखळणे, हातातले भांडे गळून पडणे आणि थोड्याच वेळात सारे पूर्ववत होणे, याला आपल्या घरांत ‘पित्त झाले असेल’ म्हणून वाटेला लावतात. ही पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते, आणि उपाय करावयाचा तो तेव्हाच, हे वैद्यकाला पटवण्यात फिशर यांचा वाटा मोठा. झटका आल्यावर गुठळी विरघळवणारे औषध अमेरिकेत १९९६ साली मान्य झाले. तेही साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

१९५४ पासून ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात होते. पक्षाघाताचा स्वतंत्र विभाग त्यांनी तेथे उभा केला आणि त्यातून अनेक नामवंत तज्ज्ञ घडले. रोग्याच्या खाटेशी त्यांचा वर्ग भरे, आणि तो लांबे. रोग्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावयाचे, मग त्याला तपासावयाचे. आणि त्याचा मृत्यू झालाच, तर त्याच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावयाचे, असा त्यांचा परिपाठ. खोलवरच्या बारीक रोहिण्या बंद पडून मेंदूत होणारी तांदळाच्या दाण्याएवढी छिद्रे त्यांनी अशाच चिकाटीने अभ्यासली. २०१२ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.