कपाटातल्या कॅसेटी आणि डीव्हीडीचा खटाटोप

आपल्या समाजाचा इतिहास ग्रंथांत जेवढा आहे, त्याहून अधिक तो लोखंडी कपाटांत, पत्र्याच्या पेट्यांत आणि माळ्यावर पडून आहे. १९९०-९१ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या सुमारास आमच्या वस्तीत व्हिडिओ शूटिंगवाला बोलावण्याची पद्धत पडली. जयंतीची मिरवणूक, भीमगीतांचा सामना, विहाराची पायाभरणी, पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हाचा जल्लोष, हे सारे वर्गणीतून व्हीएचएस कॅसेटवर उतरले. वर्तमानपत्रांनी ज्या सभांना चार ओळींची जागा दिली नाही, त्या सभा या कॅसेटींत आहेत. त्यांत बोलणारी बहुतेक माणसे आज हयात नाहीत.

विहाराच्या कपाटातून अशा १३ कॅसेटी निघाल्या. मुंबईच्या दमट हवेने काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. त्यात व्हीसीआर मिळणे मुश्कील. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मानली गेलेली जपानची फुनाई कंपनी, तिनेही २०१६ च्या जुलै महिन्यात उत्पादन थांबवले. म्हणजे आज जे यंत्र चालते आहे ते बिघडले की कॅसेट असून नसल्यासारखी. म्हणून मंडळाने ठरवले की या सर्व कॅसेटींच्या डीव्हीडी करून घरोघरी द्यायच्या, आणि ते काम आमच्याकडे आले.

तरुण मुले म्हणाली, “काका, यूट्यूबवर टाका, प्रश्न मिटला.” प्रश्न मिटत नाही. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर शोधाशोध करता येत नाही. पण टीव्हीखाली विणलेला रुमाल घातलेला डीव्हीडी प्लेअर अजून पुष्कळ घरांत आहे, आणि त्याची बटणे त्यांना पाठ आहेत. दुसरे असे की या शूटिंगमध्ये लोकांच्या लेकीबाळी आहेत, घरातले प्रसंग आहेत, दुखवट्याच्या सभा आहेत. त्या साऱ्या जगापुढे मांडाव्यात की नाहीत हे त्या त्या घराने ठरवायचे आहे. बाबासाहेबांच्या नावाखाली कोण काय लिहून जातो, हे आपण रोज पाहतोच.

कॅसेट संगणकात उतरवण्याचे काम वेळखाऊ, पण सोपे. व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये जोडायचे एक छोटे यंत्र मिळते. ३ तासांची कॅसेट उतरायला ३ तासच लागतात. रविवारमागून रविवार गेले, पण अडले कुठे नाही. अडले ते पुढे.

लोकांचा समज असा की फाईल कोऱ्या तबकडीवर टाकली की डीव्हीडी झाली. तसे नाही. मोबाईलमध्ये चालणारी एमपी-४ फाईल तबकडीवर टाकली तर ती संगणकात दिसेल, घरच्या जुन्या प्लेअरमध्ये मात्र बहुधा नाही. प्लेअरला चित्र एमपेग-२ या पद्धतीचे लागते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे असे हवे. शिवाय ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावांच्या फायली, त्यांची मांडणी सांगणाऱ्या वेगळ्या फायली, आणि पडद्यावरची यादी, जिला मेनू म्हणतात, हे सारे बसवावे लागते. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला डीव्हीडी ऑथरिंग सॉफ्टवेअर म्हणतात. ते शोधण्यात आमचे दोन महिने गेले.

एके काळी ही सोय घरबसल्या होती. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत ‘डीव्हीडी मेकर’ मिळत असे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा ते काढून टाकण्यात आले. ॲपलचे ‘आयडीव्हीडी’ही बंद पडले. धंदेवाईक मंडळी वापरत ते ॲडोबीचे ‘एन्कोर’ २०१२ च्या सीएस-६ नंतर पुढे सरकलेच नाही. ज्यांना इंटरनेटवर चित्रपट विकायचे, त्यांना तबकडीची गरज उरली नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांना विचारतो कोण!

मग आम्ही जे मिळेल ते उतरवून पाहू लागलो. एकाने तबकडी चांगली केली, पण सबंध चित्रावर आपल्या कंपनीचे नाव आडवे छापले. दिवंगत कार्यकर्त्याच्या भाषणावर परदेशी कंपनीचा शिक्का! तो पुसायचा तर डॉलरमध्ये पैसे, तेही आंतरराष्ट्रीय कार्डाने. दुसरे ‘फुकट’ म्हणवणारे. त्याच्यासोबत न मागता आणखी तीन सॉफ्टवेअर संगणकात शिरली आणि ती काढता काढता एक शनिवार गेला. तिसऱ्याने पाल सोडून अमेरिकेची एनटीएससी पद्धत गृहीत धरली. मिरवणुकीतली लेझीम धक्के खात चालू लागली.

चौथ्याचे दुखणे निराळे. मेनूवर मराठी लिहिले की अक्षरे फुटायची. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ मधला क्र मोडला, दिनमधली पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली. देवनागरीत वेलांटी आणि जोडाक्षरे आपापल्या जागी बसवावी लागतात, हे त्या सॉफ्टवेअरच्या गावीच नव्हते. आणि आपल्या धम्मातले शब्द तर जोडाक्षरांवाचून लिहिताच येत नाहीत! कुणी सुचवले, इंग्रजीत लिहा. आम्ही नाही म्हटले. ज्या आजीसाठी हा खटाटोप, तिने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मराठी अक्षरे गिरवली आहेत. ती अक्षरे तिला पडद्यावर दिसली पाहिजेत.

शेवटी उपयोगी पडले ते ‘डीव्हीडी स्टायलर’. ते फुकट आहे, कुणा एकाच्या मालकीचे नाही, त्याची घडण सर्वांना खुली आहे, आणि ते विंडोजवर तसेच लिनक्सवरही चालते. दिसायला साधे, पण शिक्का मारत नाही. मराठीचा प्रश्न आम्ही वळसा घालून सोडवला. मेनूचे पान लिब्रे ऑफिसमध्ये युनिकोड मराठीत लिहिले, त्याचे चित्र केले आणि तेच चित्र पार्श्वभूमी म्हणून लावले. वर नुसत्या रिकाम्या चौकटी बटण म्हणून ठेवल्या. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून मजकूर चारी बाजूंनी दशांश भाग आत घ्यावा. बटणे थोडी व मोठी ठेवावीत. आम्ही एका पानावर चारच ठेवली: वंदना, भाषणे, गाणी, मिरवणूक.

एका तबकडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते, संगणक मात्र ती ४.३७ दाखवतो. तिच्यावर चांगल्या दर्जाचे २ तास बसतात. ३ तास कोंबले तर चित्राचे चौकोन पडतात. त्यापेक्षा दोन तबकड्या कराव्यात. जुन्या प्लेअरसाठी ‘वजा आर’ तबकडी घ्यावी आणि कमी वेगाने लिहावी. घाऊक वाटण्यापूर्वी पहिली तबकडी वस्तीतल्या चार निरनिराळ्या प्लेअरमध्ये लावून पाहावी, संगणकातल्या चाचणीवर विसंबू नये. तबकडीही अमर नाही. मूळ फायली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. आणि कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी यात मिसळू नयेत. गायकाचा व कंपनीचा त्यावर हक्क असतो.

पहिली तबकडी लागली तेव्हा वस्तीतील एका आजीने दुसरे बटण दाबले. यजमानांचे सहा मिनिटांचे भाषण आहे, १९९१ चे. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, “आवाज असाच होता. पुन्हा लाव रे.” मेनूवर परत जाऊन तेच बटण दाबायचे, हे त्यांना सांगावे लागले नाही.

१३ पैकी ८ कॅसेटी झाल्या आहेत. दोन बुरशीमुळे जाणकाराकडे दिल्या आहेत; घरी कापसाने पुसण्याचा उद्योग कुणी करू नये, फीत कायमची जाते. उरलेल्या तीन पावसाळ्याआधी होतील. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणाव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसालाही सोबत आणावे. कारण पडद्यावरची माणसे कोण, हे आता त्यांनाच ओळखता येते, आणि तबकडीवर नावे लिहायची आहेत.