मोशन सेन्सर लाइट बसवताय? आधी बोर्डात न्यूट्रल आहे का बघा

आमच्या गावच्या घरी संडास मागच्या अंगणात आहे. आजी रात्री दोन-तीनदा उठते आणि अंधारात भिंतीवर बटण चाचपडते. म्हणून दिवाळीत मी एक पीआयआर मोशन सेन्सर मागवला. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला तीन वायरी जोडणं काय अवघड, असं वाटलं होतं. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तर आत न्यूट्रलच नाही!

आपल्याकडे बऱ्याच घरांत नुसत्या दिव्याच्या बोर्डात फक्त फेज येतो आणि बटणातून दिव्याकडे जातो. न्यूट्रल थेट दिव्यापाशी. साध्या बटणाला तो लागतच नाही. पण तीन वायरींचा सेन्सर स्वतः सतत जागा असतो, त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. तिसरी वायर दिव्याकडे जाणारी. (रंग कंपनीप्रमाणे बदलतात, खोक्यावरची आकृती बघाच.)

वायरमनकाका म्हणाले, "अर्थिंग आहे की, तिलाच लावू." हे कुणालाही करू देऊ नका. सेन्सर चालेल, पण उद्या अर्थिंगची वायर कुठे तुटली तर तिला जोडलेल्या फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्याला झटका बसू शकतो. आम्ही सेन्सर बोर्डाऐवजी दिव्याजवळच बसवला. तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळाले. जुनं बटण कायम चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली.

पहिल्याच रात्री आजीची हाक. ती आत असतानाच दिवा गेला होता! दिवा आणि सेन्सर दोन्ही बाहेर, आत उजेड झरोक्यातून येणारा. पीआयआर माणूस ओळखत नाही, तो समोरच्या उष्णतेत झालेला बदल टिपतो. दाराआडचं त्याला काही दिसत नाही. आणि टाइमची खुंटी मी १ मिनिटावर ठेवली होती. ती पुढे सरकवली.

दुसरी खुंटी लक्सची, किती अंधार पडल्यावर काम सुरू करायचं ते ठरवणारी. दिवसा तपासताना ती सूर्याच्या खुणेवर न्या, नाहीतर सेन्सर खराब आहे समजून परत पाठवाल. मी जवळजवळ पाठवलाच होता. अजून एक गोष्ट: मे महिन्यात भिंती, फरशी अंगाइतक्या तापतात, तेव्हा माणूस आणि मागची भिंत यांतला फरक सेन्सरला नीट कळत नाही आणि त्याचा पल्ला कमी होतो. सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणारा माणूसही उशिरा सापडतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून आम्ही तो वाटेच्या बाजूला लावला.

शेवटी वायरमनकाकांनी बोर्डातून एक जादा वायर ओढून सेन्सरला समांतर दुसरं बटण दिलं. ते दाबलं की फेज सेन्सरला वळसा घालून थेट दिव्याला जातो, सेन्सर बिघडला तरी उजेड मिळतो. आजी मात्र सवयीने रोज तेच बटण दाबते आणि दिवा सकाळपर्यंत चालू राहतो.