मातीतला पैलवान, मॅट आणि क्युबाचे बॉक्सर

जत्रेतला आखाडा तुम्ही पाहिलाच असेल. आमचं वडगाव रासाई शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हळूहळू इनाम वाढत जातं आणि शेवटची मोठी कुस्ती लागते तेव्हा हलगी टिपेला पोचलेली असते. हा शेवटचा पैलवान मॅटवर गेला की मात्र कधी कधी अजब घडतं. मातीत ज्याला तो चीत करेल, त्याच्याकडूनच मॅटवर गुणांनी हरतो. मग पारावर चर्चा सुरू, "पोरगा ढिला पडला", "खुराक कमी पडला".

खरं कारण बहुतेक वेळा खुराकात नसतं. ते समजून घ्यायला आज मी तुम्हाला थोडं लांब, क्युबाला नेणार आहे. तिथल्या बॉक्सरांपुढेही हाच प्रश्न आहे, फक्त उलट्या दिशेने.

क्युबाची भानगड काय आहे?

क्युबा हा जेमतेम एक कोटी लोकवस्तीचा देश. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये मात्र महासत्ता. तेओफिलो स्टीव्हनसनने 1972, 1976 आणि 1980 अशी सलग तीन सुवर्णपदकं घेतली. फेलिक्स सावोनने 1992 ते 2000 या काळात तेच करून दाखवलं. पण क्रांतीनंतर 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथे व्यावसायिक खेळांवर बंदी आली. म्हणजे पदक देशाचं, पैसा परदेशात. ज्याला पैशाची बॉक्सिंग खेळायची, त्याने देश सोडायचा. गिलेर्मो रिगाँडो, युरिओर्किस गांबोआ असे कितीतरी ऑलिंपिक विजेते असेच गेले. अखेर 2022 मध्ये क्युबाच्या संघटनेने एका मेक्सिकन प्रवर्तक कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात क्युबाचे बॉक्सर अधिकृतपणे व्यावसायिक रिंगणात उतरले.

आपल्याकडे गणित उलटं आहे. पैलवानाचा पैसा गावोगावच्या मातीत, इनामात. पदक मात्र मॅटवर. क्युबाचा गडी पदकाकडून पैशाकडे जातो, आपला गडी पैशाकडून पदकाकडे. वाटेत दोघांनाही दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात: घड्याळ आणि हिशेब.

पहिली गोष्ट: घड्याळ

स्नायूंकडे ऊर्जेच्या तीन वाटा असतात. पहिली म्हणजे खिशातली रोकड. फॉस्फोक्रिएटिन नावाचा हा साठा स्नायूतच तयार असतो. पूर्ण ताकदीने झटका दिला की साधारण 10 सेकंदांत तो बराचसा संपतो. दुसरी वाट म्हणजे हातउसने. ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडून मिळणारी ही ऊर्जा एक-दोन मिनिटं जोरात चालते, पण मग हातपाय भरून येतात. तिसरी म्हणजे दुधाचा पगार. ऑक्सिजनवर तयार होणारी ही ऊर्जा सावकाश येते, पण नेमाने येत राहते. या तिन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, कमी-जास्त प्रमाणात. आणि महत्त्वाचं म्हणजे, खिशातली रोकड संपली की ती परत भरते दुधाच्या पगारातूनच.

आता खेळाकडे बघा. मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. पारंपरिक मातीच्या कुस्तीत निकाल लागेपर्यंत झुंजायचं. तिथे पैलवान समोरच्याला दमवतो, अंगावर वजन टाकतो, वाट बघतो. मॅटवर वाट बघणाऱ्याला पंच निष्क्रियतेची ताकीद देतात, म्हणजे रोकड पुन्हा पुन्हा आणि लवकर खर्च करावी लागते. बॉक्सिंगमध्ये उलटं. ऑलिंपिकची लढत 3 फेऱ्यांची, एकूण 9 मिनिटं. व्यावसायिक विश्वविजेतेपदाची 12 फेऱ्यांची, 36 मिनिटं. नऊ मिनिटांत सगळं उधळायची सवय असलेल्याला आता तोच खिसा चौपट वेळ पुरवायचा आहे.

विश्रांतीचं मोल खाशाबा जाधवांच्या गोष्टीत दिसतं. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. लगेच त्यांना पुढच्या लढतीला, सोव्हिएत मल्लासमोर, उभं केलं गेलं. मध्ये हक्काची विश्रांती होती, पण भांडून ती मागून घ्यायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खिसा भरायच्या आत पुन्हा खर्च. तरीही हा माणूस कांस्यपदक घेऊन आला!

दुसरी गोष्ट: हिशेब

दम काही महिन्यांत वाढवता येतो. सवय मोडायला वेळ लागतो. शरीर जे करतं तेच शिकतं, त्याहून जास्त नाही. प्रशिक्षणशास्त्राचा हा पायाच आहे.

मातीत अनवाणी पाय रुततो, लांगेला हात घालता येतो आणि विजय म्हणजे चितपट. मॅटवर पायात बूट, समोरच्याचा पोशाख धरायला बंदी आणि प्रत्येक हालचालीला गुण. ताबा घेतला, दोन गुण. रिंगणाबाहेर ढकललं, एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपली. म्हणजे 'एक डाव आणि आसमान' या हिशेबाने घडलेल्या मेंदूला आता चिल्लर मोजायची आहे.

क्युबाच्या बॉक्सरचं बरोब्बर उलटं. तो मार चुकवत, नेमके ठोसे मारत गुण गोळा करायला शिकलेला. रिगाँडोने एप्रिल 2013 मध्ये न्यूयॉर्कला नोनितो डोनेअरसारख्या नावाजलेल्या बॉक्सरला असंच नुसतं शिकवून हरवलं. पण त्याचा खेळ 'कंटाळवाणा' ठरला. जिंकूनही मोठ्या लढती त्याला सहज मिळाल्या नाहीत. कारण व्यावसायिक खेळात पंचांइतकाच प्रेक्षकही हिशेब करतो. आपल्या आखाड्यातही चटकदार कुस्ती करणाऱ्यालाच पुढच्या जत्रेचं बोलावणं येतं ना? तसंच.

मग बदलायला किती वेळ लागतो?

दोन उदाहरणं शेजारी ठेवू. खाशाबा 1948 मध्ये लंडनला गेले तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. सहावे आले. चार वर्षांनी, 1952 मध्ये, कांस्य. दुसरा रोबेसी रामिरेझ. 2012 आणि 2016 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं. 2018 मध्ये क्युबाचा संघ सोडला. ऑगस्ट 2019 मध्ये पहिलीच व्यावसायिक लढत, तीही फारसं नाव नसलेल्या बॉक्सरकडून हरला. एप्रिल 2023 मध्ये मात्र विश्वविजेता.

दोघांनाही सुमारे चार वर्षं लागली. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे पीएचडी करणाऱ्याने सांगायलाच हवं. पण एवढं नक्की की कौशल्य वाया जात नाही, ते नव्या घड्याळात बसवायला वर्षं लागतात. आणि त्या वर्षांत कमाई आटते.

इथेच खरा प्रश्न येतो: तो काळ कोण पोसणार? रामिरेझमागे मोठी अमेरिकन प्रवर्तक कंपनी होती. खाशाबांसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. क्युबाच्या बॉक्सरांचं भवितव्यही यावरच ठरेल. दार उघडलं ते चांगलंच झालं, पण तिशी ओलांडलेल्या ऑलिंपिक विजेत्याला व्यावसायिक रिंगणात ढकललं तर त्याच्याकडे शिकायला वर्षंच उरत नाहीत. पंचविशीच्या आत गेलेल्याकडे ती असतात. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्युबाला बॉक्सिंगमध्ये एकच सुवर्ण मिळालं आणि क्युबात जन्मलेले काही बॉक्सर दुसऱ्याच देशांसाठी पदकं जिंकून गेले. पोरं वाट बघत नाहीत, हे त्यातून दिसतंच.

आपल्यालाही यातून घेण्यासारखं आहे. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडला आणि 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. म्हणजे मातीतून मॅटवर जाता येतं. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आहेतच. पण गावच्या तालमीत पोराला बारा-तेराव्या वर्षीच मातीबरोबर मॅटही मिळाली, तर पुढची चार वर्षं वाचतात.

तेव्हा या जत्रेत वर्गणी देताना एक विचारून बघा: शेवटच्या कुस्तीच्या इनामातले थोडे पैसे बाजूला काढून गावच्या तालमीत मॅट टाकता येईल का? इनाम एका दिवसात वाटून होतं, मॅटवर मात्र पोरं वर्षानुवर्षं घासतील.