मार्चअखेर वाचनाचा हिशेब

मार्च महिना लागला की शासकीय कार्यालयांतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. देयके वेळेत कोषागारात पोहोचविणे, खर्चाचा ताळमेळ घेणे, अखर्चित रक्कम परत करणे, उपयोगिता प्रमाणपत्रे मागविणे या कामांच्या रगाड्यात ३१ तारीख केव्हा उजाडते ते कळतही नाही. ग्रामपंचायतींत करवसुलीची धावपळ याच सुमारास शिगेला पोहोचते आणि शाळांतून वार्षिक परीक्षेचे वारे वाहू लागतात. पैपैचा आणि गुणागुणांचा हिशेब घेणाऱ्या या महिन्यात एका गोष्टीचा हिशेब मात्र कोणीच कोणाकडे मागत नाही. सरलेल्या वर्षात आपण काय वाचले, हा तो हिशेब होय. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात त्याला रकाना नाही आणि लेखापरीक्षकाचा त्यावर आक्षेपही येत नाही.

प्रस्तुत लेखकाला गेली काही वर्षे वाचनाची एक नोंदवही ठेवण्याची सवय आहे. पुस्तकाचे नाव, हाती घेतल्याची तारीख आणि वाचून झाल्याची तारीख, एवढेच तिचे रकाने. गेल्या मार्चमध्ये कार्यालयातील लेखे बंद होत असताना ही वहीही त्याच शिस्तीने तपासावी असे मनात आले. वर्षभरात २३ पुस्तके हाती घेतली होती आणि त्यांपैकी ९ पूर्ण झाली होती. येथवर लाज वाटण्यासारखे विशेष काही नव्हते; अर्धवट राहिलेले प्रत्येक पुस्तक हा काही गुन्हा नव्हे. खरा धक्का पुढे बसला. त्या ९ पुस्तकांत ७ कादंबऱ्या आणि आत्मचरित्रे होती, एक प्रवासवर्णन आणि एक कवितासंग्रह होता. शेती, पाणी, आरोग्य, कायदा यांवरचे एकही पुस्तक नव्हते. ज्या जिल्ह्यात नोकरी करतो त्या जिल्ह्याविषयी काहीही नव्हते. आणि याच बारा महिन्यांत शेती, पाणी, आरोग्य व कायदा याच विषयांवर लोकांसाठी माहितीपत्रके लिहिण्याचे काम आमच्या हातून अखंड चालू होते!

पुस्तकांची केवळ बेरीज न करता विषयवार मोजणी केली की असे काही बाहेर येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी टिपण लिहिले तेव्हा त्यांनीही छापलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार मोजदाद केली होती. भाषेच्या अवस्थेबद्दल नुसते हळहळण्यापेक्षा तिचे भांडवल कोणत्या लेखाशीर्षाखाली किती आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे, हा त्यातला विचार आजही घेण्याजोगा आहे. जी रीत एका भाषेच्या वाङ्मयाला लागू पडते ती एका माणसाच्या नोंदवहीलाही लागू पडावी.

यावर कोणी असे म्हणेल की, शासकीय माणूस दिवसभर वाचतच असतो. परिपत्रके, शासन निर्णय, टिपण्या, आणि आता मोबाईलच्या पडद्यावर अहोरात्र येणारे संदेश हे वाचन नव्हे काय? आहे, परंतु ते समोर येऊन पडलेले वाचन आहे, आपण शोधून घेतलेले नव्हे. दुसरे असे की, माणूस जी भाषा सतत वाचतो तीच त्याच्या लेखणीतून उतरू लागते, आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागते ते आम्ही एका ग्रामसभेत पाहिले.

त्या ग्रामसभेत एका अर्थसाहाय्य योजनेचे माहितीपत्रक वाचून दाखविले जात होते. मसुदा आमचाच होता. वाचणाऱ्या होत्या पंचायतीच्या एक सदस्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, आवाज खणखणीत. ‘सदर अर्थसाहाय्य अनुज्ञेय राहील’ या वाक्यापाशी त्या थांबल्या. पुन्हा एकदा वाचले. मग कागद खाली करून त्यांनी विचारले, ‘‘साहेब, म्हणजे पैसे मिळतील की नाही मिळणार?’’ सभेत हशा पिकला. ‘‘मिळतील, ताई,’’ असे उत्तर दिले खरे. परंतु हसणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या वाक्याचा अर्थ आधी कळला होता, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्या योजनेच्या अर्जाची मुदत संपण्यास तेव्हा अवघे नऊ दिवस उरले होते.

दोष ‘अनुज्ञेय’ या शब्दाचा नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणण्यासाठी शेकडो नवे शब्द घडवावे लागले. ते काम आवश्यक होते आणि ते मोठ्या विद्वत्तेने झाले. नियमाच्या पुस्तकात ‘अनुज्ञेय’ आपल्या जागी आहे. तो शब्द माहितीपत्रकात आला याचे कारण एवढेच की, वर्षभर आम्ही टिपण्यांची भाषा वाचत होतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्यांची. या दोहोंच्या मधली, एखादा अवघड विषय सोपा करून सांगणाऱ्या चांगल्या मराठी गद्याची सोबत आम्ही सोडली होती. 

त्याच गावात एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान मिळते. हे ग्रंथालय ‘ड’ वर्गातील. एक खोली, चार लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक लांब मेज. सभेनंतर ग्रंथपालांच्या शेजारी बसून त्यांची देवघेव नोंदवही चाळली. वार्षिक अहवालासाठी वर्षभरातील देवघेवीची बेरीज त्यांनी तयार ठेवली होती व ती समाधानकारक होती. पण नावे पाहू लागताच दिसले की, तीच ती तीस-पस्तीस नावे पुन:पुन्हा येत आहेत आणि त्यांत स्त्रियांची नावे जवळजवळ नाहीत. ‘‘गावातल्या बायका वाचत नाहीत की काय?’’ असे विचारता ग्रंथपाल हसले. ‘‘वाचतात की. हे पाहा, या नावावर गेलेली सगळी पुस्तके त्यांच्या सूनबाईंनी वाचली. कार्ड सासऱ्यांचे.’’ मघाच्या सदस्यांचे नावही वहीत नव्हते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा वाचणारी कोण, हे वहीलाच ठाऊक नसेल तर तिच्यासाठी कोणते पुस्तक मागवावे हे ग्रंथालय समितीला कसे कळणार?

ग्रंथपालांनी मग आणखी एक गोष्ट दाखविली. पुस्तकाच्या आत देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी चिकटविलेली असते. काही पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून त्यांवर दुसरी चिकटवावी लागली होती; पीकसंरक्षण, पाणलोट, बालसंगोपन या विषयांवरील कित्येक पुस्तकांच्या चिठ्ठ्या मात्र कोऱ्या करकरीत होत्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक सूत्र असे सुचविते की, वाचकाला पुस्तक मिळवून देणे हे जसे ग्रंथालयाचे काम, तसेच कपाटात वाट पाहणाऱ्या पुस्तकाला वाचक मिळवून देणे हेही. कोरी चिठ्ठी हा त्या अर्थाने पुस्तकावरचा नव्हे, तर आपणा सर्वांवरचा शेरा आहे. आमच्या विषयांची सारी पुस्तके तेथे त्या कपाटात होती, आणि आम्हीही ती नेलेली नव्हती.

नव्या वर्षाचा संकल्प

येथून पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टाचा प्रश्न येतो. ‘यंदा पन्नास पुस्तके वाचीन’ असा संकल्प करणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते हे उद्दिष्ट चुकीचे आहे. संख्येचे उद्दिष्ट ठेवले की माणूस पातळ पुस्तके निवडू लागतो, हे शासकीय उद्दिष्टपूर्तीचा अनुभव असणाऱ्यांना अधिक समजावून सांगावयास नको.

वाचनाचा संकल्प कसा करावा हे खरे तर आपल्या खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. श्रावणात घरोघर पोथी लागते. ‘हरिविजय’ लावला तर अध्याय ३६. रोज किती वाचावयाचे आणि समाप्ती कोणत्या दिवशी, हे आरंभाच्या दिवशीच ठरलेले असते. पेरण्या उरकलेल्या असतात, पावसाने बाहेरची कामे थांबलेली असतात, म्हणून काळही सोयीचा निवडलेला. वाचणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक. ज्याला अक्षरओळख नाही तोही वाचनातून वगळला जात नाही. वाचणारा अडखळला तर ऐकणाऱ्यांतला एखादा जाणता अर्थ सांगतो. एक ग्रंथ, ठरलेला काळ, नेमलेली जागा आणि सोबत, एवढ्या गोष्टी जमल्या की वाचन तडीस जाते. त्यामागे श्रद्धेचे बळ असते हे खरे. पण त्याची घडण कोणत्याही ग्रंथाला उपयोगी पडण्यासारखी आहे.

हीच घडण डोळ्यांपुढे ठेवून आम्ही आमचे या वर्षाचे बेत आखले आहेत. आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत जिल्ह्याचे गॅझेटिअर वाचावयाचे, राज्याच्या दर्शनिका विभागाने प्रसिद्ध केलेले. जाडजूड ग्रंथ आहे आणि त्याची भाषा रूक्ष आहे, हे मान्य. परंतु नद्या, पिके, बाजार, जुन्या वाटा यांची माहिती एका ठिकाणी दुसरीकडे मिळत नाही. एक प्रकरण झाले की त्यातली एक गोष्ट कोणाला तरी सांगावयाची, म्हणजे ते वाचल्याची खात्री पटते. उरलेल्या काळात कादंबऱ्या आहेतच. त्यांवर आम्ही गदा आणलेली नाही. मार्चमध्ये मात्र काहीच ठरविलेले नाही. ज्या महिन्यात वाचन होणार नाही हे माहीत आहे त्यात ते लिहून ठेवणे म्हणजे स्वत:चीच फसवणूक.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी असा ग्रंथ कोणता? मासिक सभेपूर्वी अर्धा तास एकत्र बसून महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाची दोन-चार कलमे वाचावीत, ग्रामसेवकांनी अडलेले शब्द उलगडावेत, असे त्या गावात ठरले. कोणीतरी त्याला ‘कायद्याचे पारायण’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पहिल्या दोन बैठकांना पाच-सहा जण आले, तिसरीला दोघेच, लग्नसराई होती. अशा खंडामुळे बेत मोडला असे समजण्याचे कारण नाही. पोथीचाही एखादा दिवस चुकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचतात.

शिक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुले वाचतात आणि शिक्षक छायाचित्रे काढतात, असे दृश्य काही ठिकाणी दिसते. शिक्षक स्वत: आपले पुस्तक उघडून मुलांसमोर बसले आहेत, असे आम्ही एकाच शाळेत पाहिले आणि तेथे वर्गात विलक्षण शांतता होती. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक चाळताना मोठी माणसेही रमून जातात. तेव्हा मुलांसाठी वेगळे आणि आपणांसाठी वेगळे असा भेद प्रारंभी तरी केला नाही तरी चालेल.

पुस्तके वाचकाच्या वाटेवर ठेवण्याचा प्रश्न मात्र एकट्याने सुटत नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले ते घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तके मांडून. या दोन्हींतला धागा एकच आहे. पुस्तक माणसे बसतात तेथे गेले. आमच्या त्या गावात आता ग्रंथालयाने कोऱ्या चिठ्ठ्यांची वीस पुस्तके एका पेटीत घालून बचत गटाच्या बैठकीच्या जागी ठेवली आहेत. महिनाअखेर पेटी पुढच्या वस्तीवर जाते. तिच्यासोबत एक साधी वही असते आणि तीत पुस्तक नेणारीने स्वत:चे नाव लिहावयाचे असते, घरातल्या कोणाचे नव्हे. गेल्या खेपेला तीन पुस्तके परत आली नाहीत. ग्रंथपालांना त्याचे वाईट वाटले; दाखल नोंदवहीत हरवलेल्या पुस्तकांचा खुलासा त्यांनाच लिहावा लागतो. ती भरून देण्याची तयारी समितीने दाखविली आहे.

आमच्या नोंदवहीतही या वर्षी एक रकाना वाढला आहे: ‘कोणाला वाचून दाखविले’. त्यात पहिली नोंद पुस्तकाची नाही. अर्थसाहाय्य योजनेचे माहितीपत्रक नव्याने लिहिले आहे. छापावयास देण्यापूर्वी ते त्या सदस्यांकडे नेले. ‘पैसे मिळतील’ हे शब्द आता पहिल्याच ओळीत आहेत. त्यांनी ते सबंध मोठ्याने वाचले, दोन ठिकाणी थांबल्या, आणि त्या दोन जागांवर पेन्सिलीने खूण करून कागद परत दिला. जाताना पेटीतले बालसंगोपनावरचे पुस्तक त्यांनी सुनेसाठी नेले आणि वहीत नाव सुनेचे लिहिले.