नवारीचे टोक

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट मराठी मुलखात गेले आणि तलमडुगू अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातच राहिले. सरहद्द आखली गेली, पण बाजेच्या पट्टीचे नाव काही तुटले नाही. आपण 'नवार' म्हणतो, शेजारचे तेलुगू गृहस्थ 'नवारु' म्हणतात; शब्द मूळचा फारसी. मात्र दुकानात नुसती 'पट्टी' मागू नये. तेलुगूत 'पत्ती' म्हणजे कापूस, आणि या कापूसपिकाच्या प्रदेशात दुकानदाराचा घोटाळा झाला तर दोष त्याचा नव्हे!

सुती नवारीचे टोक दोनदा दुमडून टिपा घातल्या की काम संपते. कृत्रिम धाग्याची नवार मात्र कापताक्षणी विसकटू लागते. सुताचे धागे केसाळ असल्याने एकमेकांस धरून राहतात. नायलॉनचे धागे गुळगुळीत, ते निसटतात. परंतु त्यांच्या अंगी एक सोयीचा गुण आहे. सूत जळते, हे धागे आधी वितळतात आणि निवताच एकजीव होतात.

नवार कोणती, हे प्रथम पाहावे. छोटा तुकडा पाण्यात दाबून त्यातील हवा काढावी. बुडाला तर बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. हे शेवटचे सुमारे १६० ते १६५ अंशांवर वितळते; नायलॉनला प्रकारानुसार २२० ते २६५ अंश लागतात. म्हणून स्वस्त नवारीस आच जपून द्यावी.

कापण्याच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून तिच्या मधोमध धारदार कात्रीने एका दमात कापावे व पट्टी काढून टाकावी. मग टोक ज्योतीच्या आत न घालता कडेजवळून सावकाश फिरवावे. मेणबत्तीच्या काजळीने पांढरी नवार काळी पडते. गॅसची किंवा स्पिरिटची निळी ज्योत बरी. कडा चकाकू लागली की ओल्या चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करावी. गोळा राहू दिला तर तो कडक होऊन झोपणाऱ्याच्या अंगास बोचतो.

बोटाने दाबण्याचा मोह आम्हांस एकदा झाला होता. वितळलेला थेंब अंगठ्यास चिकटला आणि भाजणे वाढतच गेले. अशा वेळी थेंब ओढून काढू नये, हळद किंवा दंतमंजनही लावू नये. वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरावा आणि चिकटलेला भाग डॉक्टरांस दाखवावा.

यापेक्षा मोठी धास्ती कापसाची. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे कित्येक घरांत खोलीभर कापूस साठवलेला असतो. जळत्या नायलॉनचा थेंब खाली पडतानाही पेटता असू शकतो. हे काम अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून आणि मुलांना दूर बसवूनच करावे. वारा असेल तर त्या दिवशी करूच नये. धूरही नाकात घेण्याजोगा नसतो.

वितळवलेली कडा धागे सुटू देत नाही, भार मात्र पेलत नाही. बाजेच्या गाताला बांधायचे टोक, किंवा पिशवीचा पट्टा, यांस वितळवल्यावरही चार बोटे दुमडून चौकोनी शिवण घालावी. बकलात ओवायचे टोक तेवढे तिरपे कापावे, चटकन शिरते. उरलेला वीतभर तुकडा जपून ठेवावा. पुढील खेपेस ज्योतीचे अंतर प्रथम त्यावरच अजमावता येते.